धरण उण्यात गेलं की

रोज सकाळी पेपर हातात आला की मी आधी उजनीचा आकडा शोधतो. आमच्या सोसायटीत सगळ्यांचं लक्ष खडकवासल्याकडे, कारण नळाला पाणी तिथलं येतं. मी मात्र शेवटच्या ओळीत कुठंतरी कोंबलेली उजनी बघितल्याशिवाय चहाला हात लावत नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, "लेकीपेक्षा ह्यांना धरणाची काळजी जास्त." तिला कारण माहीत होतं. निदान निम्मं.

बहुतेक धरणांचा हिशेब शून्याला थांबतो, उजनीचा शून्याखालीही चालू राहतो. पूर्ण भरलं तर या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठ्यात जातं. म्हणजे उपयुक्त साठा संपल्याचं जाहीर झालं तरी निम्म्याहून जास्त धरण अजून पाण्यातच असतं. काठावरचे शेतकरी ते उपसतात, सोलापूर शहराला प्यायला दिलं जातं, आणि पेपरात आकड्याआधी 'उणे' लागतं. उणे दहा, उणे तीस. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा आहे. खात्यात दमडी नाही, तरी खातं चालू.

उणे पन्नासच्या आसपास आमचं घर वर येतं.

म्हणजे मला घर दिसायचं तर पुणे, सोलापूर आणि नगर अशा तीन जिल्ह्यांच्या काठावर दुष्काळ पडावा लागतो. पेपरात उणे वाढताना बघून मनात जे काही होतं, ते मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. २०१६ साली घर वर आलं होतं, २०१९ सालीही. तेव्हा जाता आलं असतं. गेलो नाही. २०२३चा पाऊस तुटला, धरण भरलंच नाही आणि पुढच्या जानेवारीतच शून्याखाली उतरलं. तोवर घरात मी एकटा उरलो होतो. मेच्या सुरुवातीला एक दिवस पिशवीत दोन कपडे टाकले आणि स्वारगेटला जाऊन भिगवणची एसटी धरली.

गावाचं नाव सांगत नाही. करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, एवढं पुरे. नाव घेतलं तर 'ती' कोण हे तिथल्या पोराटोरांनाही कळेल.

सोलापूर रस्ता आता इतका रुंद आणि गुळगुळीत झालाय की वाटेतली गावं पाट्यांवरच उरली आहेत. यवत, पाटस, कुरकुंभ. खिडकीतून येणारी हवा तेवढी जुनी, तव्यावरून उठल्यासारखी. भिगवणला उतरलो तो थेट मासळी बाजाराकडे. तिथल्या लिलावाची भाषा बाहेरच्याला कळत नाही. बोलणारा आकडे म्हणतोय की मंत्र, हा प्रश्न पडतो. क्रेटमागून क्रेट ओतले जात होते आणि बहुतेक ढिगांत एकच मासा. चिलापी. काटेरी पाठीचा, करड्या अंगाचा, कुठल्याही पाण्यात तगणारा. बाहेरून आला आणि इथलाच होऊन बसला. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "वाम येते का हो हल्ली?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मेलेल्या माणसाचा पत्ता विचारला असावा. "मरळ गावंल एकांदी," तो म्हणाला, "वामीचं काय सांगू नका."

आमच्या घरात माळ होती. आबा वारकरी. मासा म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी. "हेच पाणी पुढं पंढरपूरला चंद्रभागा म्हणून जातं, त्यातला जीव खायचा?" असं ते विचारायचे, आणि या प्रश्नाला उत्तर देण्याची आमची टाप नव्हती. मी पहिला मासा खाल्ला तो चौदाव्या वर्षी, घाटाच्या खाली, बाभळीच्या काटक्यांवर भाजलेली वाम. मीठ लावलेलं, दुसरं काही नाही. भाजणारी तेरा वर्षांची. खाऊन झाल्यावर तिनं मला तीनदा चुळा भरायला लावल्या आणि कडुलिंबाचा पाला चावायला दिला. पुरावा नष्ट करण्याची तिची पद्धत वकिलापेक्षा पक्की होती.

भिगवणहून पुढं वडापनं निघालो. जीपमध्ये नऊ माणसं बसतात असा कायद्याचा समज, आम्ही चौदा. पुण्यात शेजारच्या फ्लॅटमधला माणूस कुठं नोकरी करतो हे मला अकरा वर्षांत कळलेलं नाही. इथं पहिल्या दोन मैलांत माझं वय, पेन्शन, लेकीचं सासर आणि बायको कशानं गेली हे जीपला ठाऊक झालं. विचारण्यात आगाऊपणा नव्हता. माणूस शेजारी मांडीला मांडी लावून बसलाय आणि त्याची चौकशी करायची नाही, हाच त्यांच्या लेखी उद्धटपणा.

"पळसदेवचं देऊळ बघाया चाललाय का?" एकानं विचारलं. पलीकडच्या इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ पाण्याबाहेर आलं होतं आणि लोक गाड्या भरभरून फोटो काढायला येत होते.

"नाही. गावाला."

"कोणतं गाव?"

मी नाव सांगितलं.

"जुनं का नवं?"

या भागात हा प्रश्न सगळ्यात आधी पडतो. प्रत्येक गाव इथं दोनदा आहे. एक पाण्याखाली, एक माळावर. मी म्हणालो, "जुनं," आणि जीप थोडा वेळ गप्प झाली.

मध्ये डिकसळचा पूल लागला. इंग्रजांच्या काळातला दगडी रेल्वेपूल. धरण झालं, रेल्वेनं आपला रस्ता बदलला आणि हा पूल मोटारींना मिळाला. आगगाडीच्या मापाचा असल्यामुळे समोरासमोर दोन गाड्या मावत नव्हत्या. पलीकडून कुणी निघालेला दिसला की अलीकडच्यानं थांबायचं, एवढाच तिथला वाहतुकीचा कायदा. पोलीस नाही, सिग्नल नाही, हॉर्नसुद्धा नाही. आमचा ड्रायव्हर थांबला, खाली उतरला, तंबाखू मळली. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या चालकाला यानं चिमूट दिली, मग आम्ही निघालो. कर्वे रस्त्यावर हे रोज आठवतं मला.

पुलावरून खाली पाणी दिसलं. हिरवंगार, शेवाळानं दाटलेलं. कडेच्या चिखलात काही रोहित पक्षी अजून होते. पाणी उथळ राहिल्यानं त्यांचा मुक्काम लांबला असणार. मी त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिलो. पुण्यात मी सकाळी अंघोळ करतो, ते पाणी गटारातून मुठेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं माझं सांडपाणी माझ्याच घरावर येऊन थांबतंय. शहरात राहून गावाशी माझा तेवढाच संबंध उरला होता, असं म्हटलं तरी चालेल.

नवं गाव सरकारनं पट्टी ठेवून आखलेलं आहे. सरळ रस्ते, काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या, प्लॉटला नंबर. जुन्या गावात सरळ असं काही नव्हतं. पाण्याची वाट जशी वळायची तशी गल्ली वळायची. पण बोलण्यातलं गाव जुनंच आहे. मी पत्ता विचारला तर एक बाई म्हणाली, "वेशीच्या भाईर जावा, मारुतीच्या अंगाला." वेस कुठं आहे? वेस एरवी सहा पुरुष पाण्याखाली. तरी तिचा हात बरोबर ती जिथं असायला हवी होती तिकडे गेला. मी 'वेशी'बाहेर पडलो, मारुतीच्या अंगाला वळलो आणि तरीवाल्याचं घर विचारलं.

तिचे वडील नदीवर तरी चालवायचे. तरी म्हणजे पावसाळ्यात गुऱ्हाळाची काहिल. उसाचा रस आटवायची ती लोखंडी, उथळ, भली मोठी कढई. नदी दुथडी भरली की ती पाण्यात सोडायची, आत माणसं, पोती, शाळेची पोरं, कधी शेरडू. आणि दोघं-तिघं बाहेरून काठ धरून, पाय मारत तिला पलीकडे ढकलत न्यायचे. पंधराव्या वर्षापासून त्यांत तीही असे, पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून. एकुलती एक, त्यामुळे पोराची कामंही तिच्याच वाट्याला. काहिलीला पुढं-मागं नसतं, ती सरळ कधीच जात नाही. गरगर फिरते. आत बसलेल्याच्या डोळ्यांसमोरून घाट, देऊळ, पलीकडचं बाभळबन, पुन्हा घाट असं सगळं भिंगरीसारखं जात राहतं. फक्त काठ धरलेली तिची बोटं आणि त्यावर टेकवलेली हनुवटी तेवढी जागच्या जागी. हायस्कूल नदीपलीकडे होतं. दोन पावसाळे मी असा रोज गेलो आणि आलो. चक्कर येऊ नये म्हणून एका ठिकाणी नजर ठेवावी, असं तिच्या वडिलांनीच मला सांगितलं होतं.

याहून जास्त काही घडलं नाही. १९६६ला धरणाचं काम सुरू झालं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. भिंत उभी राहीपर्यंत मिसरूड फुटलं. १९७७च्या उन्हाळ्यात आम्ही गाव सोडलं. आबांनी मोबदला घेतला आणि हडपसरला भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडला. तिचं लग्न पुढच्याच वर्षी झालं, घरजावई मिळाला. १९८०ला धरण पूर्ण झालं. पत्र लिहावं असा विचार मी केला होता. पण टपाल आधी जुन्या गावाला जाईल की नव्या, हे ठरत नव्हतं. निमित्त म्हणून ते बरं होतं.

घर पत्र्याचं, पुढं पडवी, दाराशी शेळी. हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून आत पाऊल टाकलं. आणि दारात मी वाकलो. बघून नव्हे. डोकं आपोआप खाली गेलं. आत आल्यावर जाणवलं की अशा पत्र्याच्या घराला एवढी ठेंगणी चौकट नसते. मागं वळून बघितलं. शिसवी चौकट, वर गणेशपट्टी, गणपतीच्या सोंडेवर तेलाचा काळा थर, डाव्या खांबात कडीनं पडलेली अर्धगोल घळ. त्या घळीत मी लहानपणी बोट घालून बसायचो. आताही बोट घातलं. बसत नाही.

"वाकलात म्हंजे आबांच्यातलेच," मागून आवाज आला.

ती मोरीतून हात पुसत येत होती. केस सगळे पांढरे, मधोमध भांग, कपाळ मोकळं. उंची कमी झाल्यासारखी वाटली, का मीच ती वाढवून ठेवली होती कुणास ठाऊक. हनुवटी तीच.

"ही चौकट..."

"तुमचीच. तुमच्या आबांनी दिली आमच्या दादांना. पैशे घेतले न्हाईत. म्हनले, पुण्यात दाराला दार लागून ऱ्हात्यात लोकं, तिथं हे कुठं लावू."

लोकांनी तेव्हा घरं मोडून वासे, तुळया, खण बैलगाडीत घालून माळावर नेले होते. आमचं सामान कुणाला गेलं हे आबांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी तिच्या वडिलांनाच ते दिलं, यात काही होतं का? माझ्या कपाळावर लिहिलेलं ते वाचत होते का? माळकरी माणसाच्या गप्प राहण्याचा अर्थ लावणं अवघड. मरेपर्यंत त्यांनी एकदाच विचारलं होतं, "तू मासा खातोस का रे?" मी नाही म्हणालो होतो. "बरं," म्हणाले होते.

तेवढ्यात तिचा मुलगा आला. हिवाळ्यात पुण्यामुंबईच्या लोकांना नावेतून पक्षी दाखवतो, उन्हाळ्यात जाळी टाकतो. माझी ओळख ऐकून त्यानं वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि खुर्ची पुढं ओढली. "या मामा, बसा."

आईच्या गावचा माणूस, आईच्या वयाचा, मामाच म्हणणार. रीतच आहे ती.

"मामा कशाला?" ती चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली. "काका म्हन."

सून भाकरी थापत होती. तिचा हात एक क्षण परातीत थांबला आणि पुन्हा चालू झाला. मुलाच्या काही लक्षात आलं नसावं. मला विचाराल तर एवढा मोठा घोट चहा मी आयुष्यात घेतला नाही, आणि तो फार गरम होता.

ऊन कलल्यावर निघालो. मुलगा म्हणाला, काकांना जुनं गाव दाखवून आणतो. तिनं पदर खोचला. "म्या बी येते. धा वर्षं झाली पाय लागला न्हाई."

काठ म्हणावा असा काठ राहिलाच नव्हता. पाणी दीड-दोन किलोमीटर आत सरकलं होतं आणि त्याच्या मागं मागं मोटारी. शेतकऱ्यांनी तळात चाऱ्या खोदून पाणी ओढत आणलं होतं. काळे पाइप आणि केबली चिखलावरून अशा पसरलेल्या की दवाखान्यातला रोगीच. दर आठ दिवसांनी पाइप वाढवायचे, मोटार पुढं न्यायची. मध्येच कुठं गाळपेराचा मका डोलत होता, कुणी कलिंगडं लावली होती. एक जण गुडघाभर गाळात उभा राहून फुटबॉल बसवत होता. फुटबॉल म्हणजे मोटारीच्या पाइपाच्या तोंडाची झडप, शहरातल्या वाचकासाठी सांगतो. मुलानं विचारलं, किती झालं? तो म्हणाला, "मायनस पन्नासच्या फुडं गेलं. आजून आठ-धा टक्के गेलं तर ऊस गेला बघ." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पाव्हनं बघाया आल्यात व्हय गाव?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी मी चपला हातात घेण्याच्या निमित्तानं खाली वाकलो.

चिखलातून नावेपर्यंत जायचं होतं. वरून वाळलेला, भेगाळलेला. पाय ठेवला की आत लोणी. तिसऱ्या पावलाला माझा पाय पोटरीपर्यंत गेला. ती पुढं होती, वळली.

"धर की हात. बघतोस काय?"

मुलगा नावेचं मशीन सुरू करण्यात गुंतला होता. मी हात धरला. सकाळपासून चाललेलं अहो-जाहो त्या चिखलात राहिलं ते राहिलंच. परत येताना आम्हा दोघांनाही ते सापडलं नाही.

नाव सरळ चालते. एका रेषेत, फटफट आवाज करत. मी मधल्या फळीवर, ती पुढच्या टोकाला पाठमोरी. पाण्याला वास होता. बाभळींची काळी खोडं पाण्यातून वर आलेली, पाणकावळे बसलेले. "हितं गुऱ्हाळ," ती न वळता म्हणत होती. "हितं तुमचं आंब्याचं झाड. हितं शाळा." तिच्या बोटाखाली नुसतं पाणी. वीस-बावीस मिनिटांनी दगड दिसायला लागले.

पाण्यातून वर आलेलं गाव सुंदर वगैरे नसतं. फोटोत दिसतं. प्रत्यक्षात सगळ्यावर एकाच रंगाचा गाळ, राखाडी, जणू कुणी अख्ख्या गावाला एकदाच पोतेरं घातलंय. मातीच्या भिंती विरघळून गेलेल्या, दगडी जोती तेवढी शिल्लक. ओट्यांवर शिंपले. एक उखळ, त्यात पाणी, पाण्यात बोटाएवढी चिलापी. जात्याची खालची तळी. महादेवाचं देऊळ उभं, देव नव्या गावात नेलेला. नंदी मात्र जड पडला म्हणून राहिला, त्याच्या पाठीवर कुणा पोरानं नुकतंच खडूनं नाव लिहिलं होतं. नावेतून उतरताना मला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. आमचं घर फार लहान होतं, एवढंच वाटत राहिलं. ज्या ओसरीवर चाळीस माणसं हरिपाठाला बसायची, ती मी सहा पावलांत ओलांडली.

जोत्याला दोन पायऱ्या आणि वर चौकट बसवायची दगडी खाच. दोन्ही बाजूंना अर्धा पुरुष उंचीचे दगड, मध्ये मोकळं. मी आत गेलो, माजघर कुठं, चूल कुठं, आईचं देवघर कुठं ते अंदाजानं चाचपत होतो. मागं वळलो तर ती पायरीवर उभी. आत येत नव्हती. मला आठवलं. ती या पायरीच्या आत कधी आलेली नव्हती. दूध न्यायला यायची, तांब्या पायरीवर ठेवायची, आई वरून ओतायची. मासेमाराच्या पोरीला आमच्या माळकरी घरात तेवढीच हद्द. तेव्हा ते मला खुपलं होतं असं म्हणून आज मोठेपणा घेता येईल. पण खरं सांगायचं तर मला ते दिसलंही नव्हतं.

"ये ना," मी म्हणालो.

ती आली. आणि येताना वाकली. वर काही नव्हतं, नुसतं मेचं पांढरं आभाळ. पण तिची मान खाली गेली, उजवा हात बाजूच्या खांबाकडे गेला, तिथं खांब नव्हता. सत्तेचाळीस वर्षं त्या चौकटीतून ती दिवसातून शंभरदा आत-बाहेर करत होती. माझ्यापेक्षा जास्त वेळा.

तिच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

"तुझ्या आईनं ह्या दारातनं मला आत घेतलं न्हाई," ती म्हणाली. "मग म्या दारच घिऊन गेले."

मग आम्ही आईच्या चुलीच्या जागी दोन दगडांवर बसलो. काय बोललो? तिच्या नवऱ्याचं बोललो. भला माणूस होता, दारू नव्हती, सहा वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि भिगवणला नेईपर्यंत संपलं. माझ्या बायकोचं बोललो. ती म्हणाली, "तिला म्हाईत होतं का?" मी म्हणालो, "निम्मं." तिनं मान हलवली. "ह्यास्नी समदं म्हाईत होतं. म्हनायचे, त्या पुन्याच्या मानसाची चौकट हाय, तेल घालत जा." मुलानं नावेतून हाक मारली, वारा सुटतोय. सूर्य पलीकडे इंदापूरच्या अंगाला उतरला होता. उठताना तिनं ओच्यात एक शिंपला टाकला. मी विचारलं नाही.

रात्री चिलापीचं कालवण होतं, काळ्या मसाल्याचं, वर चिंचेचा कोळ. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी. सूनबाई वाढत होती. इथं 'आणखी हवंय का' असं विचारत नाहीत. ताट रिकामं दिसलं की पडतं, तुम्ही हात आडवा धरलात तर हातावर पडतं. जेवण झाल्यावर मी मोरीकडे गेलो. ती दारात उभी होती, गडू घेऊन.

"तीनदा," ती हळू म्हणाली.

मी तीन चुळा भरल्या.

सकाळी निघालो. मुलानं माझा नंबर घेतला, 'पुण्याचे काका' म्हणून जपून ठेवला, आईच्याही साध्या फोनमध्ये टाकून दिला. ती शेळीला पाला घालत होती. "ये परत," म्हणाली, बस. पुण्यात कुणी 'या परत' म्हटलं की त्याचा अर्थ 'निघा' असतो, त्यामुळे मला नीट उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, २१ मेच्या संध्याकाळी, उजनीत कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळात नाव उलटली. टीव्हीवर पट्टी धावत होती. त्यात सहा जणांचा जीव गेला, हे नंतर कळलं. त्या वेळी नुसतं 'बोट बुडाली' एवढंच होतं. मी फोन लावला. लागत नव्हता. मी चप्पल घालून खाली उतरलो, पार्किंगमध्ये उभा राहिलो, परत वर आलो. अकराव्या वेळी तिनं उचलला.

"आमी बरी हावोत," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "पोरगं घरात हाय. जेवला का न्हाईस तू?"

तिला पुढं काही बोलवेना. गेलेली माणसं तिच्या गावची नव्हती, पण या पाण्यावर कोण कुणाचं नाही हे ठरवणार कसं? मी फोन धरून बसलो. पलीकडे कुत्रं भुंकत होतं.

त्यानंतर फोन होत राहिले. संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. विषय बहुतेक धरणाचाच. मोटार किती पुढं नेली, पाइप किती लागले, मृग कोरडा गेला का ओला. पेपरात सकाळी छापून येणारा आकडा मला आदल्या संध्याकाळीच कळायला लागला. लेकीनं एकदा विचारलं, "बाबा, हल्ली पेपर तसाच घडी घातलेला असतो." मी म्हणालो, डोळे दुखतात.

२५ जुलैला पुण्यात धो धो पडला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याच्या काही सोसायट्यांत शिरलं, लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता शंख. मी गच्चीतून मुठेचा आवाज ऐकत होतो आणि हे पाणी कुठं निघालंय याचा हिशेब करत होतो. पुढं दोन-तीन दिवसांतच फोन आला. त्या दिवशी संध्याकाळची वाट न बघता, भरदुपारी. आवाज असा की मला काहिलीत बसल्यासारखं झालं.

"प्लसमधी आलं रं धरान!"

मागं मोटारीचा आवाज होता, कुणी तरी ओरडत होतं, शेळी होती.

"आणि घर?" मी विचारलं.

"घर कवाच गेलं. आता देवळाचं शिखर बी दिसंना. कवा येतोस?"

"आता कशाला येऊ? बघायला तर काहीच राहिलं नाही."

ती थांबली. मोटार चालूच होती.

"बरं, नगं येऊस," ती म्हणाली. पण फोन काही तिनं ठेवला नाही.